पिंपरीच्या पेनिसिलीनचं कुळ

चाकण-पिंपरी म्हटलं की आज गाड्या, सुटे भाग आणि तीन पाळ्या डोळ्यांसमोर येतात. पण या पट्ट्याच्या कारखानदारीचा श्रीगणेशा झाला तो बुरशीनं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं. एमआयडीसी 1962 ची, म्हणजे त्यानंतरची. ‘एचए कॉलनी’ हे नाव पत्त्यात आजही आहे. त्या टाक्यांत वाढणाऱ्या बुरशीचं कुळ मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे.

पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगची 1928 सालची बुरशी कारखान्याच्या उपयोगाची नव्हती. मिलिलिटरमागे जेमतेम दोनेक युनिट औषध द्यायची. म्हणून युद्धकाळात अमेरिकेतल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेनं जास्त देणाऱ्या वाणाचा शोध सुरू केला. 1943 साली बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर तो वाण सापडला. खरबूज कुणी आणलं यावर रंगवून सांगितलेल्या कथा पुष्कळ आहेत. त्या सोडून देऊ. त्या वाणाचा नोंदणी क्रमांक एनआरआरएल 1951. हा 1951 म्हणजे साल नव्हे. जगभरातल्या कारखान्यांतल्या पेनिसिलीनच्या बुरशी जवळजवळ सगळ्या याच्याच वंशातल्या.

पुढची वंशावळ माणसानं घडवली. त्यातल्या एका पिढीवर कार्नेगी संस्थेत क्ष-किरणांचा मारा झाला, निघाला एक्स-1612. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यावर अतिनील किरण सोडले, निघाला क्यू-176. उत्पादन दोनावरून हजाराच्या आसपास गेलं. आजचे वाण पन्नास हजार युनिटांच्या पलीकडे आहेत.

हे काम चालायचं कसं? बुरशीचे बीजाणू किरणांखाली धरायचे, इतका वेळ की बहुतेक मरून जावेत. जे तगले त्यांतला एकेक वेगळा करून स्वतंत्र चंबूत वाढवायचा. काही दिवसांनी चंबूतलं पाणी जंतू पेरलेल्या बशीतल्या छोट्या नळकांड्यांत ओतायचं आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी प्रत्येक नळकांड्याभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसतं. मोजपट्टीनं त्याचा व्यास मोजायचा. सर्वांत मोठ्या वर्तुळाचा धनी पुढच्या फेरीत, बाकीचे केराच्या टोपलीत. शेकडो, हजारो वेळा. डार्विनची निवड म्हणतात ती हीच. फरक एवढाच की इथं निसर्गाच्या जागी माणूस बसलेला, हातात मोजपट्टी घेऊन.

जनुकं तपासली तेव्हा या निवडीनं काय वेचलं होतं ते कळलं. पेनिसिलीन बनवणारी तीन जनुकं गुणसूत्रावर एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी असतात. मूळ वाणात या पट्ट्याची एकच प्रत. पण 1995 साली तपासलेल्या एका कारखानी वाणात तोच पट्टा एकामागोमाग एक असा बारा-चौदा वेळा आढळला. गुणसूत्राचे तुकडे तुटून-जुळताना, म्हणजे पुनर्संयोगात, झालेली ही वाढ. बदल असा होतो, निवड त्याला फक्त ठेवते किंवा फेकते. निवड स्वतः काही नवं निर्माण करत नाही, हे आपण फार सहज विसरतो.

या पद्धतीत एक मोठं वैगुण्य होतं. सगळे वाण एकाच बुरशीचे वंशज, म्हणून सगळे एकाच लिंगप्रकाराचे. त्यांचं आपसात मीलन होणं शक्य नाही. मग किरणांनी चांगल्या बदलाबरोबर जे दहा वाईट बदल केले, तेही त्याच गुणसूत्रावर चिकटून पुढं जाणार. गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात. इथं उलट, गव्हाबरोबर किडेही जपले गेले. जास्त औषध देणारे वाण वाढीला मंद आणि बीजाणू धरण्यात कंजूष निघत, ते यामुळंच. मीलन असतं तर एका संततीत चांगलं एकत्र आलं असतं, वाईट दुसरीकडं गेलं असतं आणि निवडीला ते वेगळं काढता आलं असतं.

आडवाट सापडली ती 1953-54 च्या सुमारास. ग्लासगोचे पाँटेकॉर्व्हो आणि इटलीचे सेर्मोंटी यांनी दाखवलं की दोन वाणांचे तंतू जोडले जातात, त्यांची केंद्रकं कधीतरी एकत्र येतात आणि साध्या पेशीविभाजनातही गुणसूत्रांची अदलाबदल होते. पण हे क्वचित घडतं. खरं मीलन घडवलं ते जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी, 2013 साली. दुसऱ्या लिंगप्रकाराची रानटी बुरशी घेतली, ओटच्या माध्यमात बायोटिन घातलं, काळोखात पाच आठवडे ठेवलं. काही संततीत पेनिसिलीन टिकलं आणि औषध शुद्ध करताना छळणारं पिवळं रंगद्रव्य गेलं. सत्तर वर्षं एकाच वंशात अडकलेलं बिऱ्हाड एका लग्नात मोकळं झालं.

पिंपरीनं पेनिसिलीनपलीकडेही नाव कमावलं. इथले संशोधक तिरुमलाचार यांनी 1961 साली शोधलेलं हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध देणारा जीवाणू गावाच्या नावानं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरीना म्हणून ओळखला जातो. बल्क पेनिसिलीन मात्र पुढं स्वस्त आयातीपुढं टिकलं नाही.

समोरची, म्हणजे जंतूंची, बाजूही गप्प बसली नाही. 1928 सालीच लंडनमध्ये ग्रिफिथनं दाखवून दिलं होतं की न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकॉकस मेलेल्या सोबत्यांकडून गुण उचलतो. त्याच सवयीनं न्यूमोकॉकसनं शेजारच्या निरुपद्रवी जंतूंच्या जनुकांचे तुकडे घेऊन पेनिसिलीन जिथं बसतं ती प्रथिनंच बदलली; 1980 च्या दशकाअखेर ही जनुकांची ठिगळं उघडकीला आली. निवड मात्र आपणच पुरवली, दर विनाकारण घेतलेल्या गोळीबरोबर. सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, आणि डॉक्टरांनी दिलंच तर आधी ‘कशासाठी?’ एवढं विचारा.