धाकटीचा निर्णय : 'मुनेकाता भगिनी' ते 'जैत रे जैत'

१/ १९५० साली जपानमध्ये यासुजिरो ओझूंचा 'मुनेकाता भगिनी' हा चित्रपट प्रदर्शित झाला. थोरली सेत्सुको दुःखी संसार निमूटपणे ओढते. धाकटी मारिको तिने जुन्या प्रियकराकडे जावे म्हणून आग्रह धरते. पुढे नवरा मरतो, वाट मोकळी होते. तरीही थोरली त्या वाटेने जात नाही.

२/ विवाह केवळ उभयतांच्या संमतीवर आधारलेला असेल, असे १९४७ पासून अमलात आलेले जपानी संविधान (कलम २४) सांगत होते. ही मोकळीक घराच्या उंबरठ्याआत कितपत पोहोचली, हा प्रश्न ओझूंनी दोन बहिणींच्या तोंडून विचारला.

३/ त्याच सुमारास एका मराठी घरातही तो प्रश्न उभा राहिला. २४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ मंगेशकर निवर्तले. तेराव्या वर्षात असलेल्या लताबाईंवर आई आणि पाठच्या चार भावंडांचा भार आला. मास्टर विनायकांच्या 'माझे बाळ' (१९४३) या चित्रपटातून आशाबाईही चित्रपटगायनात आल्या.

४/ १९४९ मध्ये, सोळाव्या वर्षी, आशाबाईंनी घरच्यांच्या इच्छेविरुद्ध गणपतराव भोसले यांच्याशी विवाह केला. बहिणींमध्ये दुरावा आला. तो संसार टिकला नाही आणि १९६०च्या सुमारास आशाबाई मुलांसह माहेरी परतल्या. लताबाई आजन्म अविवाहित राहिल्या.

५/ याला थोरलीचा त्याग आणि धाकटीचे बंड म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या घरात थोरल्या मुलीची कमाई हाच कुटुंबाचा आधार असतो, तिथे कोणाही बहिणीचे प्रेम तिच्या एकटीचे राहत नाही. त्याचा हिशेब सगळे घर मांडते.

६/ आता रायगडात येऊ. १९७७ चा 'जैत रे जैत' गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कथा कर्नाळा परिसरातील ठाकरांची. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत हृदयनाथांचे आणि निर्मिती धाकट्या भगिनी उषा मंगेशकरांची. लताबाई आणि आशाबाई दोघीही त्यात गायल्या. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

७/ स्मिता पाटील यांनी साकारलेली चिंधी नावडता नवरा सोडते आणि स्वतः नाग्याला निवडते. कर्जत-खालापूरच्या डोंगरांतही ठाकरवाड्या आहेत. काडीमोड आणि स्त्रीचा दुसरा विवाह या समाजाच्या रूढीला मान्य होता. मुंबई प्रांतातील हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा मिळाला तो १९४७ मध्ये. १९५५चा हिंदू विवाह कायदा तर, केंद्राची वेगळी अधिसूचना नसेल, तर अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. तिथे रूढीच चालते.

८/ म्हणून चिंधीला 'आधुनिक' म्हणताना थोडे थांबावे. तिचा निर्णय शहरातून डोंगरात गेलेला नाही. ज्या निर्णयापायी शहरातल्या एका घरात बहिणी दुरावल्या, तसाच निर्णय घेणाऱ्या स्त्रीच्या कथेसाठी त्याच घरातील भावंडे १९७७ मध्ये एकत्र आली. त्यांच्या मनात काय होते, हे इतिहास सांगू शकत नाही. श्रेयनामावलीत मात्र ती सगळी नावे शेजारी शेजारी आहेत.