ब्रूडर
यंत्राने उबवलेल्या कोंबडीच्या पिलांना ऊब देणारे साधन. हिंगोली जिल्ह्यातील (१९९९ पूर्वी परभणी जिल्ह्याचा भाग) खेड्यांत पूर्वी खुडूक कोंबडीच २१ दिवस अंडी उबवी आणि पुढे पिलांना पंखांखाली घेई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात उबवणी केंद्रांतील एक दिवसाची पिले सर्वत्र मिळू लागली. त्यांना आईची ऊब उरली नाही. पिसे येईपर्यंत पिलास शरीराचे तापमान राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात सुमारे ३५° से. तापमान ठेवून ते दर आठवड्यास सुमारे ३° से. ने उतरवितात. थंडीत पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. उष्णता वाढल्यास कडेला सरून धापा टाकतात. वीज नसल्यास कोळशाची शेगडी वापरतात. मात्र विषारी वायू बाहेर जाण्यास वाट ठेवणे अत्यावश्यक असते.