जमीनमालकी, कचरा आणि न्यायालयीन अंमलबजावणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर २००० मध्ये, केंद्र शासनाने नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम अधिसूचित केले. प्रक्रिया व विल्हेवाटीची व्यवस्था उभारण्यासाठी त्यांत ३१ डिसेंबर २००३ ही मुदत होती. नव्या जिल्ह्यातील नगरपरिषदांवर ही जबाबदारी आली. परंतु सदर नियमांचा सगळा रोख स्थानिक संस्थेवर होता. गावाबाहेरच्या आपल्याच पडीक जमिनीवर राडारोडा वा कचरा पडू देणारा खाजगी मालक या चौकटीत जवळजवळ दिसतच नाही. पुढे २०१६ च्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर बंधने घातली, तरी त्यांतील मनाई रस्ते, आपल्या आवाराबाहेरील सार्वजनिक मोकळ्या जागा, गटारे आणि जलाशय यांच्यापुरती होती. ‘आपली जमीन, आपली मर्जी’ या समजुतीला नियमांच्या शब्दरचनेनेच वाव ठेवला होता, असे म्हणावे लागते.

अर्थात कायदा त्यापूर्वी मुका नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ अन्वये सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश दंडाधिकारी देऊ शकत असे आणि तो उपद्रव करणाऱ्याप्रमाणेच संबंधित इमारत, तळे, विहीर वा खड्डा ज्याच्या मालकीचा किंवा ताब्यात आहे त्यालाही लागू होई. १८९८ च्या संहितेतून १९७३ च्या संहितेत आलेल्या या तरतुदीला २९ जुलै १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगरपरिषदेच्या प्रकरणात नवे बळ दिले. पैसा नाही, ही सबब न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेथे मान्य केली नाही. तथापि उपद्रव सिद्ध होण्यासाठी त्रास होणारा समाज समोर असावा लागतो. ओसाड जमिनीवरील भरावाविषयी तक्रार करणार कोण?

या प्रश्नाला महाराष्ट्रात उत्तर मिळाले ते विदर्भात नव्हे, तर मुंबईच्या खाडीकिनारी. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने भराव घालण्यासाठी शहरी कचरा टाकण्यास मनाई केली होती आणि चालू प्रथा तीन वर्षांत बंद करावयास सांगितले होते. प्रत्यक्षात कांदळवनांत राडारोडा पडत राहिला. भरतीचे पाणी अडले की झाडे वाळतात, आणि वाळलेली जमीन बांधकामास मोकळी होते. येथे कचरा हे टाकाऊ द्रव्य नसून जमीन ‘तयार’ करण्याचे साधन होते. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने २००४ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि खाड्या-नाल्यांचे मोल शहराला नव्याने उमगले. त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांनी, ६ ऑक्टोबर २००५ रोजी, अंतरिम आदेश झाला. राज्यभरातील कांदळवनांची तोड थांबविण्यात आली, त्यांत राडारोडा व कचरा टाकणे तत्काळ बंद करण्यात आले, आणि कांदळवनांभोवतीच्या ५० मीटरच्या आतील बांधकाम ‘जमीन कोणाच्याही मालकीची असो’ थांबविण्याचा हुकूम झाला.

‘मालकी कोणाची’ हा प्रश्नच न्यायालयाने बाजूला सारला, हे या आदेशाचे खरे महत्त्व होय. सातबाऱ्यावरील नावापेक्षा जमिनीवर काय उगवले आहे, हे निर्णायक ठरले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती रियाझ छागला यांनी हीच भूमिका घटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडली. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताधिकाराचा भंग ठरविण्यात आला. अंतरिम आदेश ते निकाल, मध्ये जवळपास तेरा वर्षे गेली. या काळात शासनाने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला (२०१२), ही न्यायालयीन दबावाची दृश्य फलश्रुती मानता येईल.

मात्र एक बाब नजरेआड होऊ नये. बेकायदा भराव झालेली कांदळवने पूर्ववत करण्याचे दायित्व निकालाने शासनावर टाकले. मालकाला रोखले गेले, पण सफाईचा भार मुख्यतः सार्वजनिक तिजोरीवर आला. हा भार प्रदूषकाकडून वसूल करणे किती दुष्कर असते, याचा दाखला राजस्थानातील बिछडी गावाने दिला आहे. एच-अ‍ॅसिड बनविणाऱ्या उद्योगांच्या गाळाने तेथील विहिरी नासल्या. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व लागू केले. तरीही अर्जांमागून अर्ज करीत प्रकरण लांबविले गेले आणि ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश १८ जुलै २०११ रोजी द्यावा लागला. तत्त्व आणि वसुली यांत पंधरा वर्षांचे अंतर पडले.

वाशीम जिल्ह्यात खाडी नाही, कांदळवनही नाही. जिल्हा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो ते नागपूर खंडपीठ त्याच उच्च न्यायालयाचे असले, तरी २००५ चा आदेश विशिष्ट परिसंस्थेपुरता आहे. कारंजा वा रिसोडजवळच्या पडीक शेताला तो आपोआप लागू होत नाही. तेथे तक्रारदाराला उपविभागीय दंडाधिकाऱ्याचे दार ठोठवावे लागते. १ जुलै २०२४ पासून कलम १३३ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने घेतली असून मालक व ताबेदार यांच्यावरील जबाबदारी तीत कायम आहे. दुसरीकडे, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद जनविश्वास कायद्याद्वारे १ एप्रिल २०२४ पासून वगळली गेली आणि १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. तो ठरविण्याचे काम आता फौजदारी न्यायालयाऐवजी निर्णय अधिकाऱ्याकडे आहे.