तलवार, तंबोरा आणि संगणक

कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावपासून मिरज पन्नास किलोमीटरच्या आत आहे. या पट्ट्यातल्या गायकांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ होते, तर मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. पण ज्या तंबोऱ्यांवर हे गाणे उभे राहिले, ते घडवणाऱ्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार समाजातले. शस्त्रांना धार आणि झळाळी देणे हा पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी आटली आणि हे हात तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर भागातला भोपळा, लाकूड, तारा आणि तयार कान एवढ्या भांडवलावर मिरजेच्या मुस्लिम कारागिरांनी देशभर नाव कमावले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता दुसरा धागा. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रे एकमेकांना जोडून दहा रागांची तबकडी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी सहज बोलत नसे. १९८३ मध्ये ‘मिडी’ आली आणि सर्वांना एक भाषा मिळाली. एका तारेतून सोळा चॅनेल, सेकंदाला ३१,२५० बिट. मात्र या तारेतून आवाज जात नाही, जातो तो फक्त हुकूम: कोणती पट्टी दाबली, किती जोराने, कधी सोडली.

तंबोरा या भाषेत मावत नाही. त्याचा प्राण जवारीत असतो. घोडीवर तार किंचित घासते, सुताचा धागा केसभर सरकवला की नाद बदलतो, आणि छेडल्यानंतरही तो उमलत राहतो. त्यामुळे घरगुती स्टुडिओत कीबोर्ड मिडीने जोडता येतो, तंबोऱ्याला मात्र माइक आणि ऑडिओ इंटरफेस लागतोच. असे दोन इंटरफेस एकत्र लावले तर एकाचे घड्याळ प्रमुख मानून दुसऱ्याला त्याच्यामागे चालवावे लागते. दोन्ही घड्याळे स्वतंत्र चालली की ध्वनिमुद्रण हळूहळू सरकते, मध्येच टकटक ऐकू येते. मैफलीत सगळे एकाच षड्जाला मिळवून घेतात, तसाच हा व्यवहार.

आज मोबाईलवरही तंबोरा वाजतो. त्यातल्या अनेक ॲपमागे खऱ्या तंबोऱ्याचे नमुने असतात. तो तंबोरा कुणीतरी घडवलेला असतो, त्याची जवारी कुणीतरी काढलेली असते. नमुना एकदाच घेतला जातो, हजारो वेळा विकला जातो. कारागिराला मात्र एका वाद्याचेच पैसे मिळतात आणि नावही कुठे लागत नाही.

शिकलगारांनी एकदा धंदा बदलला, कारण काळ बदलला होता. या वेळी त्यांची कला कालबाह्य झालेली नाही, ती रोज वापरली जाते आहे. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या श्रेयनामावलीत वादकाबरोबर वाद्य घडवणाऱ्याचेही नाव छापावे. एका ओळीची जागा लागेल. दीडशे वर्षांच्या कामाचे एवढे देणे आपण सहज फेडू शकतो.