पाँपेईची कोंबडी, स्कॉरसचा बांगडा आणि आपले भोकरदन

१/ आजचा धागा स्वयंपाकघराचा आहे. इटालियन जेवण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टोमॅटोचा लालभडक रस्सा उभा राहतो. शिकाऱ्यांच्या पद्धतीची कोंबडी, म्हणजे 'पोल्लो आल्ला काच्चातोरा', आणि नेपल्सकडचे 'आक्वा पात्सा' हे माशांचे पातळ कालवण. आज प्रसिद्ध असलेल्या रूपात दोन्हींत टोमॅटो असतोच. पण टोमॅटो हे अमेरिकेचे फळ. इटलीतील टोमॅटो सॉसची पहिली छापील कृती येते ती आन्तोनिओ लातिनी याच्या ग्रंथात, आणि तो नेपल्समध्ये १६९२ ते १६९४ या काळात प्रसिद्ध झाला. मग दोन हजार वर्षांपूर्वी त्याच नेपल्सच्या परिसरात कोंबडी आणि मासे कशात शिजत होते?

२/ मिऱ्यात, जिऱ्यात, धण्यांत आणि हिंगात! ज्या व्यापाराने हे मिरे इटलीत पोहोचवले, त्याच व्यापाराची एक खूण माझ्या टेंभुर्णीच्या शेजारच्या तालुक्यात, भोकरदनला, मातीखालून निघाली आहे. तिथे आपण शेवटी पोहोचू. आधी पाँपेई.

३/ नेपल्सभोवतालचा प्रांत म्हणजे कँपानिया. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पाँपेई राखेखाली गाडले गेले. शहर मेले, पण त्याचे स्वयंपाकघर टिकले. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या एका खाद्यगृहाचे उत्खनन जाहीर झाले. अशा रस्त्याकाठच्या दुकानाला 'थर्मोपोलियम' म्हणतात. ओट्यात रांजण बसवलेले आणि ओट्याच्या दर्शनी बाजूवर चित्रे: उलटी टांगलेली दोन बदके, एक कोंबडा. हा दुकानाचा फलकच म्हणा ना. आणि रांजणांत सापडले बदकाचे हाड, डुकराचे आणि बकऱ्याचे अवशेष, मासे, गोगलगायी. चित्र आणि भांडे एकमेकांची साक्ष देतात, हे इतिहासात फार क्वचित घडते.

४/ कोंबडी ही रोमनांची चैन होती. इ.स.पू. १६१ च्या 'फान्निया' कायद्याने जेवणात एकच कोंबडी वाढण्याची मुभा दिली, आणि तीही मुद्दाम खुराक देऊन पुष्ट न केलेली. लोकांनी काय करावे? कायद्यात कोंबडी लिहिलेली होती, म्हणून त्यांनी दुधात भिजवलेला दाणा घालून कोंबडे पुष्ट केले. प्लिनीने ही पळवाट नोंदवून ठेवली आहे. कायद्याच्या शब्दावर बोट ठेवून त्याला बगल देण्याची कला केवळ आपल्याकडचीच नव्हे!

५/ आता प्रत्यक्ष कृती. 'अपिसियस' या नावाने ओळखला जाणारा लॅटिन पाकग्रंथ आज ज्या रूपात मिळतो, ते चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचे संकलन आहे. परंपरा मात्र अधिक जुनी. त्यातील 'पार्थियन कोंबडी' अशी: कोंबडी उघडून तिचे चार भाग करावेत. मिरे, लव्हेज (ओव्याच्या कुळातील एक वनस्पती) आणि थोडे शहाजिरे कुटावे. त्यात माशाचा खारट अर्क आणि द्राक्षाची दारू घालावी. कोंबडी 'कुमाना' भांड्यात मांडून त्यावर हे मिश्रण ओतावे. मग 'लासेर' कोमट पाण्यात विरघळवून वर घालावे आणि शिजवावे. वाढताना पुन्हा मिरपूड. कुमाना म्हणजे कँपानियातील कुमाए गावाच्या नावाचे मातीचे भांडे. पदार्थाचे नाव इराणकडचे, भांडे मात्र अस्सल स्थानिक.

६/ हे 'लासेर' काय? मूळचे लासेर लिबियातील किरेनी येथे उगवणाऱ्या सिल्फियम या वनस्पतीचा चीक. मागणी इतकी की ती वनस्पतीच नाहीशी होत गेली. आपल्या काळात तिचे एकच रोप सापडले आणि ते नीरो बादशहाला नजर केले गेले, असे प्लिनी सांगतो. मग रोमनांनी इराणकडून त्याचा पर्याय आणला. तो पर्याय म्हणजे हिंग. आपल्या वरणाच्या फोडणीतला हिंग, पण कोंबडीत.

७/ माशाची कृती तर आपल्याला आणखी जवळची वाटेल. मासा साफ करून, मीठ लावून तळावा. मिरे, जिरे, धणे, हिंगाचे मूळ, ओरेगानो आणि सताप कुटावे. (सताप आपल्याकडेही परसात लावतात; बाळाला धुरी देण्याच्या कामी येतो.) हे वाटण व्हिनेगरने सैल करून त्यात खजूर, मध, आटवलेला द्राक्षरस, तेल आणि तो माशाचा अर्क घालावा, उकळावे, आणि गरम असतानाच तळलेल्या माशावर ओतून मिरपूड भुरभुरावी. आंबट, गोड, खारट आणि तिखट एकाच वेळी. आजच्या इटालियन स्वयंपाकाची ख्याती मोजक्या जिनसांची आहे. या ताटाचा घाट मला त्यापेक्षा आपल्या चिंचगुळाच्या आमटीशी अधिक जुळलेला वाटतो.

८/ दोन्ही कृतींत येणारा माशाचा अर्क म्हणजे 'गारुम', याचेच दुसरे नाव 'लिक्वामेन'. मासे आणि त्यांची आतडी मिठात मुरवून उन्हात ठेवायची आणि सुटलेले पाणी गाळून घ्यायचे. पाँपेईचा औलुस उंब्रिकियुस स्कॉरस या धंद्यात गबर झाला. त्याने घराच्या फरशीवर, रंगीत दगडी तुकड्यांत, आपल्या मालाच्या बरण्या चितारून घेतल्या. एका बरणीवर मजकूर आहे: स्कॉरसच्या कारखान्यातील, बांगड्यापासून केलेला उत्तम गारुम. जाहिरात, तीही दिवाणखान्यात! अमाल्फी किनाऱ्यावरील चेतारा गावात आजही आन्चोवी हे मांदेलीच्या कुळातील छोटे मासे लाकडी पिंपात मिठात दाबून 'कोलातुरा' गाळतात आणि नाताळच्या आदल्या रात्री तो स्पॅगेटीवर घालतात. गारुमचा हा हयात वंशज.

९/ आणि मिरे? प्लिनीच्या काळात काळे मिरे एका रोमन पौंडाला ४ दिनार होते. रोमन पौंड म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅम. सैनिकाचा वार्षिक पगार २२५ दिनार, म्हणजे पौंडभर मिऱ्याला सहा-सात दिवसांची कमाई. तरीही ब्रिटनच्या उत्तर सीमेवरील विंडोलँडा छावणीच्या हिशेबात एका सैनिकाच्या नावे २ दिनारांचे मिरे लिहिलेले आहेत. चव अशी खाली झिरपते. निव्वळ तिखटपणासाठी लोक थेट भारतापर्यंत जातात, याचे प्लिनीला आश्चर्य वाटे.

१०/ आता दख्खन. मिरे मलबारचे, मराठवाड्याचे नव्हेत; हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पण जहाजे केवळ मिरे नेत नव्हती. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो की पैठण आणि तेर येथून गोमेदासारखे दगड आणि कापड गाड्यांतून भडोचला उतरे. आणि भडोचला बाहेरून येणाऱ्या मालात दारू असे, त्यातही इटालियन दारूला पसंती. वर कोंबडीत ओतली, ती हीच चीज.

११/ केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांत या गावचे लोक आहेत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते हे त्याचे सूत्रधार. त्यात हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती निघाली. तिच्या घडणीची बहीण १९३८ मध्ये पाँपेईतील एका घरात सापडली होती. वीतभर उंचीची ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

१२/ येथे थोडे थांबावे लागेल. 'पाँपेईची लक्ष्मी भोकरदनला घडली' असे संदेश आपल्या जिल्ह्यात दरवर्षी फिरतात. ती लक्ष्मी असण्यापेक्षा यक्षी असण्याची शक्यता अधिक, आणि ती पूजेची मूर्ती नसून बहुधा एखाद्या सामानाचा नक्षीदार भाग होती. तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि अफगाणिस्तानातील बेग्रामच्या हस्तिदंतांशीही तिचे साम्य आहे. तेरलाही तशीच मूर्ती मिळाली. म्हणून जन्मदाखला भोकरदनच्या नावाने फाडता येत नाही. एकाच शैलीच्या वस्तू केळनेच्या काठी आणि व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी वापरात होत्या, एवढे मात्र निश्चित. माझ्या मते एवढे पुरेसे आहे. फुगवलेला दावा एकदा खोटा ठरला की लोक खऱ्या पुराव्यावरही विश्वास ठेवेनासे होतात.

१३/ उलट दिशेचा पुरावा पाहायचा तर कोल्हापूरला जावे. ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात कांस्य वस्तूंचा साठा मिळाला. त्यातील पोसायडनची मूर्ती प्रसिद्ध आहे, पण माझे लक्ष त्यासोबतच्या रोमन भांड्यांकडे जाते. घडणीवरून ती कँपानियाच्या कारखान्यांशी जोडली जातात. म्हणजे आपले हस्तिदंत त्यांच्या घरात आणि त्यांची ताटाशेजारची सुरई आपल्याकडे.

१४/ ज्यांना पार्थियन कोंबडी करून पाहायची आहे त्यांच्यासाठी: लव्हेजऐवजी सेलरीचा पाला आणि चिमूटभर ओवा, गारुमऐवजी बाजारात मिळणारा फिश सॉस, दारू नको असल्यास काळ्या द्राक्षांचा रस आणि थोडे व्हिनेगर. हिंग कोमट पाण्यात विरघळवून, हरभऱ्याएवढाच. मीठ शेवटी चाखूनच घाला, कारण फिश सॉस मुळातच खारट असतो. मातीच्या भांड्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर. टेंभुर्णीच्या बाजारात फिश सॉस सोडून बाकी सगळे मिळते. सेलरीसाठी जालन्याची फेरी पडू शकते.