माजी सैनिकांना आधार : निधी, प्रशिक्षण आणि रोजगार

पिंपरी : दापोडीतील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, देहूरोडची छावणी आणि हॅरिस पुलापलीकडील खडकी यांमुळे पिंपरी-चिंचवड परिसराचे लष्कराशी जुने नाते आहे. बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतात. त्यानंतर त्यांच्या हाताला काम मिळवून देणे, तसेच जायबंदी जवान आणि वीरपत्नींना आधार देणे, यासाठी सरकारी निधी व धर्मादाय संस्था कार्यरत आहेत.

खडकीतील संस्था

पहिल्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या भारतीय सैनिकांना व्यवसाय शिकविण्यासाठी 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. पुढे ती खडकीत आली. अपंग जवानांना येथे आजही व्यवसाय प्रशिक्षण दिले जाते. मणक्याच्या दुखापतीमुळे कायमचे जायबंदी झालेल्या जवानांसाठी खडकीतच 1974 मध्ये पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले. निवास व उपचारांबरोबरच येथे खेळ आणि कलाकौशल्यासही वाव दिला जातो.

काम हेच पुनर्वसन

1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक पटकावले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. प्रवासखर्चासाठी माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने साह्य केले, तर पुण्याच्या टेल्को कंपनीने पेटकर यांना नोकरी दिली. 2018 मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले.

निधी कोठून येतो?

1949 पासून 7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने निधीचे संकलन होते. याशिवाय कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिक, युद्धविधवा व त्यांच्या अवलंबितांसाठीच्या उपाययोजनांचा सामाजिक उत्तरदायित्वात समावेश आहे. वर्षाला 5 कोटी रुपये वा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. चाकण, तळेगाव व भोसरीतील उद्योगांना त्यामुळे या कार्याचा मार्ग खुला आहे.

साह्य किती?

केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत ध्वजदिन निधीतून मिळणारे अनुदान 1 नोव्हेंबर 2025 पासून दुप्पट करण्यात आले. निवृत्तिवेतन नसलेल्या, 65 वर्षांवरील गरजू माजी सैनिकास वा त्याच्या विधवेस दरमहा 8 हजार रुपये, दोन मुलांपर्यंत पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा 2 हजार रुपये आणि दोन मुलींपर्यंत विवाहासाठी प्रत्येकी 1 लाख रुपये असे सध्याचे दर आहेत. हे अनुदान हवालदार व समकक्ष हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांसाठी आहे.

पहिली पायरी : नोंदणी

या साह्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणी व तेथील ओळखपत्र महत्त्वाचे असते. अर्ज ऑनलाइन केला तरी त्याची पडताळणी हेच कार्यालय करते. सेवामुक्ती पुस्तिका, आधार कार्ड व बँकेच्या पासबुकावरील नावांत तफावत असल्यास अर्ज रखडू शकतो. सैनिकाच्या पश्चात ही दुरुस्ती त्याच्या पत्नीला एकटीला करावी लागते. त्यामुळे निवृत्तीनंतर लगेच नोंदणी करून पत्नी व मुलांची नावे तपासून घेणे हिताचे. नोकरीच्या शोधात असलेल्यांना सुरक्षा सेवा पुरविणाऱ्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाशी, म्हणजेच 'मेस्को'शी संपर्क साधता येतो.

ध्वजदिनी कारखान्यांतून गोळा होणारा निधी मोलाचा आहेच. तथापि, पेटकर यांना मिळाली तशी एक नोकरी कुटुंबाला आयुष्यभर स्वाभिमानाने उभे करते. हजारो कारखाने असलेल्या या पट्ट्याला ते सहज शक्य आहे.