पृष्ठवंशातील दुय्यम फुप्फुस-कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान
फुप्फुसातील मारक अर्बुदाच्या कोशिका रक्तावाटे कशेरुकांत रुजल्यास मेरुरज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. शस्त्रक्रियेने हा दाब दूर करता येतो. आयुर्मान मात्र अन्य घटकांवर ठरते. टोकुहाशी या जपानी शल्यविशारदांनी १९९० मध्ये प्रकृतिमान, इतर अस्थी व अंतर्गत अवयवांतील प्रसार, बाधित कशेरुकांची संख्या, मूळ अर्बुदाचे स्थान आणि पक्षाघात यांवर गुणांकन बसविले. त्यात फुप्फुसाला शून्य गुण होता. २००४ मध्ये ईजीएफआर जनुकातील उत्परिवर्तनांचा लक्ष्यवेधी औषधांशी संबंध उलगडला. अशा उत्परिवर्तनाच्या रुग्णांत तो शून्य पुढे अपुरा ठरला. पाय लुळे पडण्यापूर्वी निदान होणेही महत्त्वाचे असते. त्या दृष्टीने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून (स्थापना १९४१) दूर असलेल्या मराठवाड्यास औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे २०१२ मध्ये सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालय मोलाचे ठरले.